दिसल्यास कळवावे

॥ श्री ॥

सानपाडा, नवी मुंबई
८ डिसेंबर २०२४

ती. वन्सं यांस,
मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आता फोन बंद करू या. परवा मी एवढी ओरडले की वरच्या मजल्यावरची माणसं चौकशीला खाली आली. आणि तुम्हाला काय ऐकू गेलं, तर शेवटी तुम्ही म्हणालात, हो हो, इकडंपण थंडी पडलीय. म्हणून पत्र लिहिते. दहावीला मराठीत मला बरे मार्क होते, त्याचा एवढ्या वर्षांनी काहीतरी उपयोग होऊ दे.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण अर्धवट कळून तुमच्या जिवाला घोर लागला असेल. दिवाळीत पाडव्याला मी यांना ओवाळलं. त्यानंतरच्या आठवड्यात हे नेहमीसारखे सकाळी मार्केटला म्हणून निघाले ते तिथं पोचलेच नाहीत. गेल्या वर्षी पाठीनं दगा दिल्यापासून डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. टोळीतली माणसं चांगली. सगळ्यांनी बरोबरीनं कांद्याच्या गोण्या वाहिलेल्या, म्हणून त्यांनी यांना बसून गोण्या मोजायचं काम दिलं. पण ते यांना लागायचं. दुसऱ्याच्या पाठीवर खातोय असं म्हणायचे. आदल्या दिवशी शिवतेज एवढंच म्हणाला की बाबा, आता घरी आराम करा, मी कमावतोय ना. पोरगं मायेनंच बोललं. हे अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

मोबाईल फ्रीजवर ठेवून गेले. चष्माही तिथंच. मला सगळ्यात जास्त टेन्शन त्या चष्म्याचं आहे. चष्म्याशिवाय यांना माणूस ओळखू येतो, पण अक्षर एक दिसत नाही. बसची पाटीसुद्धा मला विचारायचे. तो चष्मा मी आता पर्समध्ये घेऊन हिंडते. कुठं दिसले तर पहिला तो देईन, मग भांडेन.

पोलीस चौकीत तक्रार दिली. दवाखाने बघितले, जिथं बघायला नको वाटतं तिथंही शिवतेज जाऊन आला. तो उरणजवळ द्रोणागिरीला गोदामात कामाला आहे, शनिवारी घरी येतो आणि भिंतीकडं तोंड करून झोपतो. आपल्या बोलण्यानंच बाबा गेले असं त्यानं घेतलंय. मी समजावते, पण मला तरी कुठं खात्री आहे.

आपल्या गावचे गोटीरामभाऊजी, यांच्याच टोळीतले, त्यांनी धावपळ करून तुर्भे नाक्यावर यांचा मोठा फ्लेक्स लावलाय. त्यांच्या यशराजच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो. भोवती झेंडूची वेल आणि दोन्ही बाजूंना दोन पेटलेल्या समया. खाली लिहिलंय की श्री. सयाजी हे घरातून निघून गेले आहेत, कुणास दिसल्यास कृपया कळवावे, आणि आमचा नंबर. मला तो फारसा आवडला नाही, पण एवढ्या माणसांनी आपुलकीनं केलेलं, त्याला मी काय नावं ठेवणार. मी तिथं उभी असताना एक आजीबाई थांबल्या, फोटोला हात जोडले आणि पुढं गेल्या. कुणी सज्जन बाई असेल.

हे तुमच्याकडं आले तर त्यांना रागावू नका. फक्त जाऊ देऊ नका. तुमची माया मला लागते, ती आटू देऊ नका.

तुमची,
मुक्ता

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

खालकरवाडी, ता. पाटण
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. मुक्ता हीस,
गोजराचे पोट भरून आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणला वाचून दाखवू का. मी म्हणलं बाबा, कान गेल्यात, डोळं हाईत अजून. सातवी पास हाय मी, तुझ्या आईच्या वेळची. तो काय म्हणला ते ऐकू आलं न्हाई, पण हसला.

सया हिकडं आला न्हाई. आला असता तर मी त्याला बांधून घातला असता आन् तुला तार केली असती. आता तार बंद झाली म्हणत्यात, तर कशानं कळवलं असतं ते देवालाच ठाऊक. रोज दार उघडं ठेवून सैपाक करते. त्यानं हाक मारली तर मला येणार न्हाई ऐकू, म्हणून चूल सोडून परत परत दाराशी जाते. कालवण दोनदा करपलं.

तुला एक सांगते. सया ल्हानपणी रुसला की कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसायचा. आपणहून कधी आला न्हाई. आई म्हणायची, जा गं गोजरे, घेऊन ये. मी जाऊन समोर नुसती हुबी राहायची, काय बोलायची न्हाई. बोललं की त्यो अजून फुगायचा. मला बघितलं की गुमान मागनं चालत यायचा. आमचा बाप वरडून वरडून दमायचा, त्याला कधी सापडला न्हाई. तवा तू माईकवर वरडल्यागत शोधू नको. तू त्याला दिसली पायजेस. कशी दिसशील ते मला म्हातारीला विचारू नको.

शिवतेजला म्हणावं, बापाला घरी बस म्हणणं हा गुन्हा न्हाई. तुझ्या आत्यानं सांगितलंय म्हणावं. आत्याचं तरी ऐक, आत्याला तर काय ऐकूच येत न्हाई.

हितं सगळं ठीक हाय. घरात मी आन् मांजर. पूर्वी म्हशीचा, पोरांचा गलका असायचा, आता गलका असला तरी मला कळत न्हाई, म्हंजे नसल्यातच जमा. तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. आपला आवाज आपल्याला कानाच्या आतनं येतो.

पोटाला वेळेवर खा. आन् लिहीत जा, मी वाट बघते.

तुझी,
गोजरा वन्सं

॥ श्री ॥

सानपाडा
१९ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस,
मुक्ताचा शि. सा. नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात घालता येत नाही, तेव्हा नुसतं गोड बोलते.

तुमच्या पत्रातली पहिली ओळ मी सगळ्यात आधी वाचते. माझ्या नावामागं तुम्ही सौ. लिहिलंय का ते बघते, मग पाणी पिऊन बाकीचं पत्र वाचते. यांच्या सख्ख्या बहिणीनं लिहिलंय म्हणजे आहे, असं मनाला सांगते. इथं बाकी कुणाला मला काय म्हणावं तेच कळेना झालंय.

आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका घरोघर बोलावत फिरल्या. माझ्या दाराशी आवाज आला, थोडी कुजबुज झाली आणि पावलं पुढं गेली. संध्याकाळी शेजारची राजेश्वरी वाण द्यायला आली. चांगली मुलगी आहे, मनात काही नाही तिच्या. पण हातात कुंकवाचा करंडा घेऊन उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. लावावं की लावू नये ते तिला कळेना, आणि मला लाव म्हणायची लाज वाटली. शेवटी तिनं चहाची गाळणी हातात दिली, येते म्हणाली आणि गेली. दार लावून मी आरशासमोर गेले आणि माझं मीच कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा जरा मोठं. मग रडले. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगू.

एक बरी गोष्ट झाली. चौकीत एक बाई भेटल्या, वैजयंतीबाई. इथंच सानपाड्यात राहतात, बँकेतून रिटायर झाल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अभिराम, इंजिनिअरिंगच्या निकालाच्या दिवशी घरातून गेला, त्याला पाच वर्षं झाली. आता त्या ज्यांचं माणूस हरवलंय अशा घरांना मदत करतात. कुणाबरोबर चौकीत जातात, कुणासाठी आश्रमांना फोन लावतात. दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सगळी जमतो. चहा होतो. तिथं कुणी धीर धरा म्हणत नाही, त्यामुळं धीर येतो. कुणी हसलं तरी कुणी वर बघत नाही. बाहेर मी जरा हसले तर बायका एकमेकींकडं बघतात.

बाईंची पद्धत वेगळी आहे. उंची, रंग, अंगावर काय होतं हे त्या शेवटी विचारतात. आधी विचारतात की त्यांना काय जमत नाही. कशाशिवाय अडतं. मी म्हटलं चष्मा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, मग ते अशा ठिकाणी असतील जिथं वाचावं लागत नाही. पावणे गावच्या कारखान्यांत हमाली, साफसफाई, गेटवरची राखण, ट्रक उभे राहतात तिथल्या खानावळी. म्हणून आता आठवड्यातून दोनदा मी पावण्याला जाते, एकेका गेटवर फोटो दाखवते. बरेच जण फोटो बघून म्हणतात, हे तर वारले ना, नाक्यावर फ्लेक्स बघितला. मी म्हणते नाही हो, हरवलेत. ते म्हणतात बरं बरं. काय लोक असतात.

शिवतेज आठवण काढतो. तुमच्या मांजराला माझं विचारा. लोभ कमी करू नका, आता तोच शिल्लक आहे.

तुमची,
मुक्ता

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

खालकरवाडी
१८ एप्रिल २०२५

चि. सौ. मुक्ता हीस,
गोजराचे आशीर्वाद. सौ. मुद्दाम मोठं लिवलंय, बघ.

मधी पत्र धाडलं न्हाई, हात सुजला होता. आता बरा हाय. हे पत्र बसून वाच. आधी पाणी पी.

परवा गावची जत्रा झाली. सगळी मुंबईवाली आली, वाडीत पाय ठेवायला जागा न्हाई. पालखीला खांदा द्यायला सयाची जागा पुढनं डाव्या बाजूला. तितं दुसरं कोण लागलं न्हाई, मोकळीच ठेवली. मी घरात येऊन बसले.

दुपारी गोटीराम आला. माझ्यासमोर बसला आन् जमिनीकडं बघून तोंड हलवाय लागला. मी म्हणलं, बाबा, जमिनीला ऐकू येतंय, मला न्हाई. मग कानाशी येऊन वरडला. एवढ्यानं वरडला की शेजारच्या चार घरांनी ऐकलं, आन् मंग त्योच रडाय लागला.

मुक्ता, सया जिता हाय. जानेवारीत जिता होता. पावण्याला एका वर्कशॉपात गेटवर बसायचा. एक टेम्पोवाला गोटीरामला मार्केटात भेटला, त्यानं सांगितलं. एकदा सया त्याच्या टेम्पोत बसून तुर्भ्याच्या बाजूला आला होता. म्हणला घरी जाऊन येतो, लई दिस झालं. नाक्यावर त्यो फ्लेक्स दिसला. सयानं गाडी थांबवायला लावली. खाली न उतरता बघत बसला. चष्मा न्हाई, अक्षर दिसत न्हाई. दिसला त्यो आपलाच फोटू, त्याला झेंडूची फुलं आन् दोन बाजूला समया. तुला आता कळलं का मी काय म्हणते ते? आपल्याकडं असला फोटू कुणाचा लावत्यात?

टेम्पोवाल्याला म्हणला, माझं सगळं उरकलं यांनी. दहावं, तेरावं, सगळं. आता मी गेलो तर पोरं भ्यायची. गाडी परत घे म्हणला. दुसऱ्या दिवशी वर्कशॉप सोडलं. कुठं गेला ते त्याला ठाऊक न्हाई, पण उरणच्या अंगाला एकदा ट्रकांच्या गर्दीत दिसल्यागत वाटला म्हणतो.

गोटीरामला तुझ्यासमोर हुबं राहायचा धीर झाला न्हाई म्हणून माझ्याकडं आला. फ्लेक्सवाल्यानं घाईत तयार चौकट घातली, आन् ह्या बाप्यांनी कुणी बघितलं न्हाई. मी त्याला लई बोलले. मग जेवाय घातलं. आता तुला आठवतं का ती हात जोडणारी म्हातारी? ती सज्जन होती गं, पण ती मयताला हात जोडत होती.

दोन दिवस मी झोपले न्हाई. त्याला आता कसं सांगायचं? परत फोटू लावला तर परत तसंच वाटंल. लिवलेलं त्याला दिसत न्हाई. मग मला सयाची ती कडब्याची गंज आठवली. मुक्ता, त्याचा फोटू काढून टाक आन् तुझा लाव. कपाळभर कुंकू लाव, हिरवा चुडा भर, नथ घाल, मंगळसूत्र पदरावर काढ. मेलेल्याची बायको अशी नटत न्हाई, हे त्याला चष्म्याबिगर दिसतं. माझं कपाळ मोकळं झालं तवा सया पंधरा वरसाचा होता. चार म्हैनं माझ्या तोंडाकडं त्यानं बघितलं न्हाई. कपाळ वाचता येतं त्याला.

गोटीरामबरोबर माझी नथ धाडते. डब्यात पडून होती, मला काय तिचा उपेग. तू घाल. लोक हसतील, हसू दे. मला सांगायला येतील तवा मला ऐकू येणार न्हाई.

लवकर कर. मी रोज भैरोबाला दिवा लावते, समई न्हाई, पणती.

तुझी,
गोजरा वन्सं

॥ श्री ॥

सानपाडा
४ मे २०२५

ती. वन्सं यांस,
मुक्ताचा शि. सा. नमस्कार, डोकं तुमच्या पायावर ठेवून.

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलेच नाही. राजेश्वरीनं येऊन गॅस बंद केला, दूध उतू गेलं होतं. जिवंत आहेत म्हणून देवाला हात जोडावेत की घराच्या एवढ्या जवळ येऊन परत गेले म्हणून डोकं आपटावं, मला समजेना. मी त्या नाक्यावरून किती वेळा गेले. समया माझ्या डोळ्यांना दिसत होत्या आणि मी भिडेपोटी गप्प बसले. गोटीरामभाऊजी नथ घेऊन आले ते दारातच उभे होते. मी आत बोलावून चहा दिला. त्यांनी त्याच दिवशी जाऊन तो फ्लेक्स उतरवला आणि घडी करून आणून दिला. टाकवेना म्हणून गॅलरीत ठेवलाय.

शिवतेज आधी ऐकेना. म्हणाला, आई, लोक काय म्हणतील, बापाला शोधायचं सोडून स्वतःचे फ्लेक्स लावतेय. मी म्हटलं तुझ्या आत्याची आज्ञा आहे, तिला फोन करून नाही म्हण. तुम्हाला फोनवर नाही म्हणणं कुणाला जमलंय? मग उठून शिडी शोधायला गेला.

फोटो काढायला वैजयंतीबाई बरोबर आल्या. तुमची नथ मला जरा जड पडते, पण शोभते म्हणतात. हिरव्या बांगड्या बाईंनीच मला भरवल्या. फोटोवाला म्हणाला, ताई, स्माइल. मला काही जमेना. बाई त्याला म्हणाल्या, राहू दे, घरी असते तशी येऊ दे. मग त्यानं कॉम्प्युटरवर माझं तोंड गोरं केलं आणि कुंकू लहान केलं, म्हणाला असं मॉडर्न दिसतं. मी म्हटलं तोंड काळं राहू दे, कुंकू मोठं कर. फ्लेक्स छापून होईपर्यंत मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले. एक फूल घालू दिलं नाही.

वर फक्त माझा फोटो आणि खाली नंबर. दुकानदारांना विचारून लावलेत. एक पावण्याला चहावाल्याच्या भिंतीवर, एक तुर्भ्याला जुन्या जागी, आणि एक द्रोणागिरीला, ट्रक वळतात तिथं. तो शिवतेजनं स्वतः शिडीवर चढून बांधला. खाली उतरल्यावर बराच वेळ वर बघत होता. म्हणाला, आई, तू लांबूनपण ओळखू येतेस.

पावण्याचा चहावाला मला विचारत होता, ताई कुठल्या वॉर्डातून उभ्या राहणार. सोसायटीत तर काय काय चाललंय ते नको सांगायला. एक जण म्हणाली की दुःखानं हिचं डोकं फिरलं. असेल. पण वन्सं, रोज सकाळी आता मी कुंकू लावताना कुणाला चोरून लावत नाही. सगळ्या नवी मुंबईनं बघितलंय, आता काय चोरायचं.

रविवारी बाईंकडं गेले होते. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, बाई मात्र उठून आत गेल्या. मागनं गेले तर अभिरामच्या खोलीत उभ्या होत्या. म्हणाल्या, मुक्ताबाई, माझ्या मुलाला मी कोणत्या खुणेनं दिसू? बायकोला कुंकू असतं, आईला काय असतं? मी त्यांच्याजवळ नुसती उभी राहिले.

अजून फोन आला नाही. येतात ते भलत्यांचेच. तरी मी उचलते. तुम्ही माझ्यावर हात ठेवून आहात, तो काढू नका.

तुमची,
मुक्ता

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

खालकरवाडी
१६ मे २०२५

चि. सौ. मुक्ता हीस,
गोजराचे आशीर्वाद.

फोटू मिळाला, तू पत्रात घातलेला ल्हान. देवाजवळ ठेवलाय. नथ जड न्हाई, तुझं नाक नाजूक हाय. मला ती नथ परत दिसंल असं वाटलं न्हवतं.

काल एक गंमत झाली, ती लिवते, वन्सं येडी झाली म्हणू नको. फोन हातात होता, थरथरला. हातात नसला तर मला कळतबी न्हाई. हिरवं बटण दाबलं आन् सवयीनं कानाला लावला. कानात काय, वारा. कुठल्यातरी कंपनीचा असणार. एरवी मी बंद करते. काल नको वाटलं. दिवसभर कुणाशी बोलले न्हवते, मांजरबी कुठंतरी गेलं होतं. म्हणलं, असंल कोण ते असंल, मीच बोलते.

लई बोलले. म्हणलं, बाबा तू कोण मला ठाऊक न्हाई, तुझं काय ऐकू येत न्हाई. पण तुझं ते मुंबईकडं जाणं-येणं असंल तर एक काम कर. माझा भाऊ सया हाय, पाठीनं अधू, चष्मा न्हाई. त्यो मेला न्हाई. त्याचं दहावं न्हाई झालं, काय न्हाई झालं. फ्लेक्सवाल्यानं चुकीच्या समया घातल्या. त्याची बायको मुक्ता माझी नथ घालून रस्त्यावर हुबी हाय, तिचं कुंकू बघ म्हणावं. पोरगं भिंतीकडं तोंड करून झोपतंय. चष्मा तिच्या पर्समधी हाय. त्याला म्हणावं, तुझी भन आता गंजीमागं यायला म्हातारी झाली, गुडघं दुखत्यात, तूच ये. असं सगळं सांगितलं. मग जत्रेचं सांगितलं, पालखीची जागा मोकळी ठेवली ते सांगितलं, हाताची सूज सांगितली.

फोन कानावरनं काढून बघितला तर अजून चालूच होता. समोरच्याला काय धंदा न्हवता जणू. मी म्हणलं आता ठेवते बाबा, बॅटरी संपंल. आन् बंद केला. कोण होतं देव जाणे. पण मला लई बरं वाटलं. एवढं मी कितीक वरसात कुणाशी बोलले न्हाई.

वैजयंतीबाईला म्हणावं, आईला खूण लागत न्हाई. पण हे तिला पत्रातनं सांगून काय उपेग, तू जवळ बसत जा.

जेवत जा. तुझ्या पत्राला उशीर झाला की मी पोस्टमनशी भांडते, तवा त्याच्यासाठी तरी लिही.

तुझी,
गोजरा वन्सं

॥ श्री ॥

सानपाडा
१८ मे २०२५

ती. वन्सं यांस,
मुक्ताचा शि. सा. नमस्कार. तुमचं पत्र अजून आलेलं नाही, तरी लिहिते. तुम्हाला फोन लावून उपयोग नाही हे आज पहिल्यांदा मला सोसवत नाही.

काल दुपारी वॉचमननं खालून इंटरकॉम केला. नवीन आहे तो, नेपाळी. म्हणाला, कोणी सयाजी म्हणून आलेत, वर सोडू का. मी उत्तर न देताच खाली धावले. पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही, पर्स मात्र हातात होती.

गेटच्या बाहेर उभे होते. दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्याचा शर्ट, एवढे वाळलेत की शर्टात अजून एक माणूस मावेल. त्यांनी आधी माझ्या कपाळाकडं बघितलं. मग खाली बघितलं. मला वाटलं होतं मी भांडेन, इतक्या महिन्यांचं सगळं तोंडात तयार होतं. मी फक्त चष्मा काढून दिला. त्यांनी तो शर्टाला पुसून घातला आणि परत एकदा बघितलं.

द्रोणागिरीला ट्रकवाल्यांच्या खानावळीत भांडी घासत होते, शिवतेजच्या गोदामापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बापलेक एकाच रस्त्यानं जात-येत होते, वन्सं. मी फ्लेक्सवर दिसले तेव्हा आधी त्यांना वाटलं भास झाला. रोज येऊन बघायचे. मग एका ड्रायव्हरचा फोन मागून घेतला. पाठ असलेला नंबर एकच, तुमचा. विचारायचं होतं की मुक्ता अशी का उभी आहे. ते म्हणतात, आक्कानं मला एक शब्द बोलू दिला नाही. तुम्ही काय काय बोललात ते त्यांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हे रस्त्याकडेला खाली बसले होते. ड्रायव्हरला वाटलं घरी कुणी गेलंय, तो यांची पाठ थोपटत होता.

घरात आले, पण पाहुण्यासारखे कोचाच्या कडेला बसले. पाणी विचारून घेतलं. शिवतेज आला, त्यानं वाकून पायांना हात लावला आणि दोघंही टीव्हीकडं बघत बसले. टीव्ही बंदच होता. एवढ्या लवकर सगळं पहिल्यासारखं होणार नाही, मला कळतं. रात्रीही त्यांनी चप्पल उशाशी ठेवली होती. मी ती उचलली नाही. राहू दे अजून थोडे दिवस.

वैजयंतीबाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, जेवले का. आणि मग म्हणाल्या की रविवारी येऊ नका, आता तुम्हाला घर आहे. मी आज गेलेच. हेही आले. अभिरामचा फोटो त्यांनी चष्मा लावून नीट बघितला. म्हणाले, घर सोडलेली माणसं कुठं झोपतात ते मला ठाऊक आहे, दर शनिवारी मी हिंडेन. बाईंनी तीन कप चहा आणून ठेवला आणि आमच्याजवळ बसल्या.

दुपारी घरी आलो तेव्हा यांनी गॅलरीतला तो जुना फ्लेक्स बाहेर काढला. मला वाटलं रागानं फाडतील. हॉलमध्ये जमिनीवर पसरला, गुडघे टेकून बसले आणि अक्षरांवरून बोट फिरवत सगळा वाचला. आपल्या नावापाशी थांबले. मग म्हणाले, यात तर मेलो असं कुठंच लिहिलेलं नाही. मी म्हटलं नाही. परत पहिल्यापासून वाचू लागले. मोठ्यानं, शाळेतल्यासारखं. घरातून निघून गेले आहेत. कुणास दिसल्यास कृपया कळवावे.

वन्सं, मला दिसले. कळवते आहे.

लवकरच दोघं येतो, दार उघडं ठेवा. हाक मारणार नाही, समोर येऊन उभी राहीन.

तुमची,
सौ. मुक्ता